वाचकांचे प्रश्न : ‘इलेक्ट्रोअकूस्टिक’ या शब्दाचा अर्थ आणि वापर

प्रश्न : ‘इलेक्ट्रोअकूस्टिक’ हा शब्द अलीकडे माझ्या वाचनात तीन वेगवेगळ्या ठिकाणी आला. वाद्यांच्या एका सूचीत तो गिटारच्या नावाआधी होता, विसाव्या शतकातील संगीतावरच्या एका लेखात तो एका संगीतप्रकाराचे नाव म्हणून होता आणि एका श्रवणयंत्राच्या तपासणी-अहवालात ‘इलेक्ट्रोअकूस्टिक मापने’ असा मथळा होता. या तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे का? आणि सरळ ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हटले असते तर काय बिघडले असते?

उत्तर : तिन्ही ठिकाणी शब्दाचा गाभा एकच आहे, मात्र प्रत्येक क्षेत्राने त्याची वेगळी बाजू उचलली आहे, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. ध्वनी म्हणजे हवेतील, पाण्यातील किंवा एखाद्या घन पदार्थातील कंप आणि त्यामुळे दाबात होणारे चढउतार. या चढउतारांचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करणे, किंवा उलट विद्युत्‌संकेतांपासून पुन्हा ध्वनी निर्माण करणे, या देवघेवीशी ज्याचा थेट संबंध येतो ते इलेक्ट्रोअकूस्टिक. या विषयाच्या शास्त्राला मराठीत विद्युत्‌-ध्वनिकी म्हणता येईल. मायक्रोफोन ध्वनीकडून विजेकडे जातो, लाऊडस्पीकर विजेकडून ध्वनीकडे येतो, आणि एका प्रकारच्या ऊर्जेचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणाऱ्या अशा साधनांना ट्रान्सड्यूसर म्हणतात. ट्रान्सड्यूसर हेच या शास्त्राचे मुख्य पात्र आहे.

हे रूपांतर प्रत्यक्षात कसे होते ते एकदा जवळून पाहिले की शब्दाचा अर्थ पक्का होतो. नेहमीच्या लाऊडस्पीकरमध्ये कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या शंकूच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते आणि ते एका चुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी ठेवलेले असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की त्यावर बल निर्माण होते, वेटोळे पुढेमागे सरकते, त्याला चिकटलेला शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये या रचनेचे जे रूप मांडले, तेच थोड्याफार सुधारणांनिशी आजही बहुतेक स्पीकरमध्ये सापडते. आता हीच क्रिया उलटी करा. शंकूसमोर कोणी बोलले की शंकू हलतो, वेटोळे चुंबकीय क्षेत्रात सरकते आणि तारेच्या दोन टोकांमध्ये अत्यल्प विद्युत्‌दाब निर्माण होतो, म्हणजेच स्पीकरचा मायक्रोफोन होतो. दोन खोल्यांमध्ये बोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या इंटरकॉम संचांमध्ये एकच स्पीकर आळीपाळीने या दोन्ही कामांना जुंपलेला असे.

सगळीच साधने अशी दुहेरी नसतात, आणि हा फरक शास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये पेटंट मिळाल्यानंतरच्या सुरुवातीच्या चुंबकीय टेलिफोनमध्ये बोलण्याचे आणि ऐकण्याचे साधन एकाच तत्त्वावर चालत असे. बोलणाऱ्याच्या आवाजातील तुटपुंज्या ऊर्जेवरच सगळा संकेत उभा असल्यामुळे तो दूरवर पोहोचत नसे. नंतर आलेल्या कार्बन मायक्रोफोनमध्ये आवाजाच्या दाबाने कार्बनच्या कणांचा विद्युत्‌रोध बदलतो आणि बॅटरीतून आधीच वाहत असलेला प्रवाह कमीजास्त होतो. म्हणजे तेथे ध्वनी स्वतः वीज निर्माण करत नाही, तो विजेवर ताबा ठेवतो. टेलिफोनचे संभाषण दूरच्या पल्ल्यावर ऐकू येऊ लागले ते मुख्यतः यामुळे. पण असा कार्बन मायक्रोफोन उलट दिशेने चालवून त्याचा स्पीकर करता येत नाही.

मापनासाठी आणि दर्जेदार ध्वनिमुद्रणासाठी वापरला जाणारा कंडेन्सर मायक्रोफोन ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये तयार केला. त्यात ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी यांच्यातील अंतर बदलल्यामुळे विद्युत्‌धारिता (विद्युत्‌भार साठवण्याची क्षमता) बदलते. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये असा पडदा शोधला की ज्यावर विद्युत्‌भार कायमचा टिकून राहतो, आणि त्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनने पुढे टेप रेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळी उपकरणे व्यापली.

आता ‘इलेक्ट्रॉनिक’ का नाही, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. इलेक्ट्रॉनिक हा शब्द निर्वात नळी, ट्रान्झिस्टर, चिप अशा घटकांनी विद्युत्‌संकेतांवर होणाऱ्या प्रक्रियेचा आहे, आणि त्या प्रक्रियेत ध्वनीचा काडीचाही संबंध नसू शकतो. गणकयंत्र इलेक्ट्रॉनिक आहे, पण इलेक्ट्रोअकूस्टिक नाही. उलट बेल यांचा टेलिफोन पूर्णपणे इलेक्ट्रोअकूस्टिक होता आणि त्यात इलेक्ट्रॉनिक असे काहीच नव्हते, कारण तोपर्यंत निर्वात नळीचाही जन्म झाला नव्हता. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे मला चुकीचेच वाटते. भारदस्त दिसतो म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक’ऐवजी ‘इलेक्ट्रोअकूस्टिक’ लिहिण्याची जी प्रथा काही लेखनात पडली आहे, तिच्यामुळे एका उपयुक्त शब्दाची धार बोथट होते.

श्रवणयंत्राच्या अहवालात हा शब्द अगदी काटेकोर अर्थाने आलेला असतो. यंत्राच्या एका टोकाला मायक्रोफोन, दुसऱ्या टोकाला छोटा स्पीकर आणि मध्ये वर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) अशी ही पूर्ण साखळी आहे. ती कानात घालण्याआधी एका ध्वनिरोधक पेटीत तपासतात. यंत्राचे तोंड २ घनसेंटिमीटरच्या एका पोकळीला जोडलेले असते. यंत्र घातल्यानंतर कानात उरणाऱ्या जागेची ही ढोबळ प्रतिकृती असून तिच्या तळाशी मापनाचा मायक्रोफोन बसवलेला असतो. मग ठरावीक पातळीचा आवाज आत सोडतात आणि बाहेर किती आवाज येतो, कोणत्या कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) किती वाढ मिळते, ९० डेसिबलचा आवाज दिल्यावर यंत्र जास्तीत जास्त किती जोरात वाजते, मूळ आवाज किती विकृत होतो आणि यंत्राची स्वतःची खरखर किती आहे, हे नोंदवतात. यालाच इलेक्ट्रोअकूस्टिक मापने म्हणतात. रुग्णाला काय ऐकू येते हे या आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. यंत्र ठरल्याप्रमाणे चालते आहे की नाही एवढेच त्यांतून कळते, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या २९ क्रमांकाच्या समितीचे नावच ‘इलेक्ट्रोअकूस्टिक्स’ आहे. ध्वनिपातळी मोजणारी यंत्रे, श्रवणचाचणीची उपकरणे आणि श्रवणयंत्रे यांची मानके तीच ठरवते.

प्रश्न : इलेक्ट्रोअकूस्टिक गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार यांत नेमका फरक काय? माझी इलेक्ट्रोअकूस्टिक गिटार नुसती वाजवली तर गोड वाजते, पण वर्धकाला जोडली की तिचा आवाज कोरडा आणि टोचणारा होतो. हा दोष गिटारचा आहे का?

उत्तर : आधी फरक सांगतो, कारण दोषाचे कारण त्यातच आहे. दोन्ही गिटारी वर्धकापासून सोडवून वाजवून पाहाव्यात. इलेक्ट्रोअकूस्टिक गिटारचे पोकळ लाकडी अंग स्वतः घुमते, त्यामुळे ती पूर्ण आवाजात वाजते. भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार मात्र जेमतेम किणकिणते. पहिलीमध्ये वीज ही तयार ध्वनीला दिलेली जोड आहे. दुसरीमध्ये पिकअप (तारेचा कंप विद्युत्‌संकेतात बदलणारे साधन), वर्धक आणि स्पीकर हे वाद्याचेच अवयव आहेत आणि त्यांच्याविना ते वाद्य अपुरे आहे. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप पोलादी तारेच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपतो, म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर तो मुका राहतो.

इलेक्ट्रोअकूस्टिक गिटारमध्ये बहुधा पिझो पिकअप असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. गिटारच्या घोडीवर जी हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते आणि जिच्यावरून तारा जातात, तिच्याखाली अशा पदार्थाची एक अरुंद पट्टी बसवतात. तारेचा कंप घोडीला ढकलतो, पट्टीवरचा दाब बदलतो आणि त्यातून संकेत निघतो. तार कोणत्या धातूची किंवा धाग्याची आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते.

आपल्याला जाणवणाऱ्या कोरडेपणाचे मूळ येथेच आहे. आपण समोर बसून जी गिटार ऐकतो तो आवाज तारेतून घोडीत, घोडीतून वरच्या फळीत, तिथून पोकळीतल्या हवेत आणि शेवटी खोलीतल्या हवेत असा प्रवास करून येतो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला आकार मिळतो. घोडीखालचा पिकअप मात्र या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर संकेत उचलतो. त्यामुळे आघात जरुरीपेक्षा तीव्र येतो आणि लाकडाची ऊब मागे राहते. शिवाय पिझो पट्टीचा विद्युत्‌रोध फार मोठा असल्याने तिच्या लगेच पुढे योग्य पूर्ववर्धक लागतो. साधारणपणे गिटारच्या कडेला बसवलेला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा तो डबा हेच काम करतो. तो नसेल किंवा पिकअप सरळ चुकीच्या जोडणीत घातला असेल, तर खालचे स्वर गळून जातात आणि आवाज आणखीच पातळ होतो. तेव्हा आपल्या गिटारमध्ये बिघाड आहे असे समजण्याचे कारण नाही. बॅटरी ताजी आहे का, पट्टी घोडीत सगळीकडे सारखी टेकली आहे का आणि जोडणी योग्य आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर वर्धकावरील मधल्या-वरच्या पट्ट्यातील स्वर थोडे उतरवले की बराच फरक पडतो. अंगाच्या आत छोटा मायक्रोफोन बसवून त्याचा संकेत पिकअपच्या संकेतात मिसळणे हा सर्वांत समाधानकारक उपाय आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वर्धक मोठा केला की गिटार घोंघावू लागते. पोकळ अंग हे आवाज बाहेर फेकते तसे बाहेरचा आवाज ग्रहणही करते. बहुतेक गिटारींच्या पोकळीतील हवा सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास सहज घुमते. स्पीकरमधून त्याच कंप्रतेचा आवाज आला की अंग हलते, पिकअप ते पुन्हा उचलतो आणि हे चक्र वाढत जाते. ध्वनिछिद्रावर रबरी झाकण बसवणे, नेमकी तेवढीच कंप्रता कापणारे फिल्टर वापरणे, संकेताची दिशा उलटवणारी कळ दाबणे किंवा स्पीकरपासून थोडे वळून बसणे, हे उपाय वादक नेहमी करतात.

प्रश्न : मैफलीत सर्व वाद्यांना माइक लावलेले असतात आणि श्रोते स्पीकरमधूनच ऐकतात. मग त्या संगीताला इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. त्या मैफलीतील ध्वनियंत्रणा इलेक्ट्रोअकूस्टिक आहे, पण संगीत नाही. गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम आहे, आणि ती जितकी लक्षात येणार नाही तितकी ती चांगली. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये खालच्या स्वरांचा अनुनाद कमी पडतो असे आढळल्यावर १९६० च्या दशकात छतात अनेक मायक्रोफोन आणि स्पीकर बसवले गेले. प्रत्येक जोडी एकेका अरुंद कंप्रतापट्ट्यापुरती होती आणि तिच्यामुळे सभागृहातील घुमणे लांबवता आले. तेथे वाजलेल्या सिंफनींना त्यामुळे कोणी इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हटले नाही, आणि ते योग्यच होते.

संगीताच्या संदर्भात हा शब्द तेव्हा लागू होतो, जेव्हा मायक्रोफोन, ध्वनिमुद्रण आणि स्पीकर ही रचनेचीच साधने असतात आणि त्यांना वगळले तर ती रचना उरत नाही. या अर्थाचा उगम समजून घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याकडे जावे लागते. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांपासून एक छोटी रचना सिद्ध केली. चुंबकीय टेप हाताशी नसल्याने हे काम त्यांनी तबकड्यांवर केले. तबकडीची खाच सर्पिलाकार पुढे न नेता वर्तुळात बंद केली की आवाजाचा एक तुकडा सतत फिरत राहतो, आणि ऐकणारा हळूहळू त्याचे मूळ विसरून त्याच्या पोताकडे, लयीकडे, घडणीकडे लक्ष देऊ लागतो.

त्यांचा दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. घंटेच्या आवाजाचा पहिला क्षण, म्हणजे टोल पडतो तेवढा आघात, कापून टाकला आणि उरलेला नाद ऐकवला, तर तो घंटेचा वाटत नाही, फुंकून वाजवलेल्या वाद्यासारखा भासतो. वाद्य ओळखण्यात आघाताचा वाटा किती मोठा असतो हे त्यातून ऐकू येते, आणि ध्वनी विजेच्या मार्गाने टिपून हाताळता आल्याशिवाय हा प्रयोग संभवतच नव्हता. याही आधी, १९४४ मध्ये, हलीम अल्-दब्ब यांनी कैरोमध्ये तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्राने एका विधीतील गायन टिपून त्याच्या अनुनादांवर काम केले होते. या इतिहासात त्यांचे नाव फार कमी वेळा घेतले जाते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

त्याच सुमारास जर्मनीतील कोलोनच्या रेडिओ केंद्रात दुसरी विचारसरणी आकाराला येत होती. तेथील स्टुडिओ १९५१ मध्ये सुरू झाला आणि हर्बर्ट आयमर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता की बाहेरचे आवाज मुद्रित न करता ध्वनी विद्युत्‌मंडलांतूनच निर्माण करावा. या दोन गटांत कडाक्याचे मतभेद होते. पॅरिसवाले ऐकून निवडत, कोलोनवाले मांडणी आखून मग घडवत. जर्मन संगीतकार कार्लहाइन्ट्स श्टोकहाउझेन यांनी १९५५-५६ मध्ये केलेल्या ‘गेझांग डेर युंगलिंगे’ या रचनेत एका मुलाचा मुद्रित आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी एकमेकांत इतके मिसळले की दोन बाजूंमधली रेष पुसट झाली. दोन्ही प्रवाहांना एकत्र सामावणारे नाव हवे होते आणि ती जागा ‘इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत’ या शब्दाने घेतली. ध्वनी मायक्रोफोनमधून आत आलेला असो किंवा मंडलात जन्मलेला असो, श्रोत्यापर्यंत तो स्पीकरमधूनच पोहोचतो, हा त्यांतील समान दुवा. म्हणून संगीतातील अर्थ अभियांत्रिकीतील अर्थापेक्षा एका बाजूने ऐसपैस आहे: केवळ विद्युत्‌मंडलातून निघालेला ध्वनीही त्यात बसतो.

वाद्यांचे वर्गीकरण करणारे अभ्यासक मात्र हाच शब्द अरुंद अर्थाने वापरतात. मूळ कंप तारेचा, पत्र्याचा किंवा पडद्याचा असेल आणि पिकअपने उचलला जात असेल तरच ते वाद्य इलेक्ट्रोअकूस्टिक; स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवल्या जाणाऱ्या थेरेमिनसारख्या वाद्यात स्पीकरच्या शंकूआधी काहीच कंप पावत नाही, म्हणून ते इलेक्ट्रॉनिक. त्यामुळे थेरेमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य असूनही त्याचा आवाज इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतात येऊ शकतो. यात विसंगती नाही, दोन क्षेत्रांचे दोन प्रश्न आहेत.

केवळ टेपवर तयार झालेले संगीत एवढ्यापुरताच हा प्रकार मर्यादित नाही. श्टोकहाउझेन यांच्याच १९६४ मधील ‘मिक्रोफोनी १’ मध्ये एक भलीमोठी टॅमटॅम, म्हणजे काशाची झांजेसारखी एकच मोठी थाळी, हे एकमेव वाद्य आहे. दोन वादक ती घासतात, ठोकतात, खरवडतात; दोघे हातात मायक्रोफोन घेऊन तो थाळीच्या जवळ-दूर आणि वर-खाली फिरवतात; आणि उरलेले दोघे फिल्टर व आवाजाची पातळी सांभाळतात. मायक्रोफोन थाळीच्या अगदी जवळ नेला की उघड्या कानाला कधी ऐकू न येणारे बारीक स्वर समोर येतात. येथे मायक्रोफोन हेच वाजवायचे वाद्य झाले आहे. हा शब्द संगीतात कशासाठी आहे, हे समजण्यासाठी मी हेच उदाहरण सर्वांत आधी ऐकायला सांगेन.

प्रश्न : रंग आणि चिकणमातीच्या द्रावणांवरील एका शोधनिबंधात ‘इलेक्ट्रोअकूस्टिक पद्धत’ असा उल्लेख होता. तेथे ना मायक्रोफोन होता ना स्पीकर. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर विद्युत्‌भार असतो आणि त्यांच्याभोवती विरुद्ध भाराचा एक थर जमलेला असतो. अशा द्रवातून ध्वनिलहर पाठवली की कण आणि भोवतालचा द्रव यांची घनता वेगळी असल्यामुळे ते सारख्या प्रमाणात हलत नाहीत, भार एकमेकांपासून किंचित सरकतात आणि मोजता येण्याजोगा विद्युत्‌दाब निर्माण होतो. उलट बदलते विद्युत्‌क्षेत्र लावले तर कण हलतात आणि द्रवातून ध्वनी निघतो. द्रावणातील आयनांपुरते हे भाकीत पीटर डिबाय यांनी १९३३ मध्ये केले होते. या संकेतावरून कणांच्या पृष्ठभागाजवळील विद्युत्‌स्थिती, जिला झीटा पोटेन्शियल म्हणतात, काढता येते. आणि द्रव पातळ न करता, अपारदर्शक असतानाही ती काढता येते, हा प्रकाशावर आधारलेल्या पद्धतींच्या तुलनेत मोठा फायदा आहे. येथे ध्वनी आणि वीज यांच्यातील रूपांतर खुद्द नमुन्यातच घडते, त्यामुळे शब्द पूर्णपणे योग्य ठिकाणी वापरलेला आहे.

याच्याशी मिळताजुळता पण वेगळा असा एक वैद्यकीय शब्दप्रयोगही आपल्या वाचनात येऊ शकतो. ज्यांना खालचे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात पण वरचे येत नाहीत, अशा काही रुग्णांच्या एकाच कानात खालच्या स्वरांसाठी श्रवणयंत्र आणि वरच्या स्वरांसाठी अंतःकर्णातील इलेक्ट्रोड असे दोन्ही उपाय योजतात आणि त्याला ‘इलेक्ट्रिक-अकूस्टिक’ उद्दीपन म्हणतात. तेथे हे दोन शब्द फक्त शेजारी उभे आहेत: एक संवेदना विजेने आणि दुसरी ध्वनीने दिली जाते. म्हणून त्या ठिकाणी मधली आडवी रेघ गाळून ‘इलेक्ट्रोअकूस्टिक’ असे जोडून लिहू नये.